मुक्काम एकच, बार्सिलोना

दिनांक १३ फेब्रुवारी २००५, रविवार, सकाळचे दहा. रक्कम रुपये दहा हजार, चेकने. हजर तिघे: आमचे घरमालक, एक निवृत्त शिक्षिका आणि पावती फाडायला बसलेला मी. बार्सिलोनाच्या सहलीसाठी आलेला तो पहिला आगाऊ. बाईंचा मुलगा हिंजवडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत होता आणि आईने एकदा परदेश बघावाच असा त्याचा हट्ट होता. चेक पुढे करता करता बाईंनी हात मागे घेतला.

"तुम्ही स्वतः जाऊन आलायत ना तिथे?"

"नाही," घरमालक म्हणाले.

"मग?"

"तुम्हीही नाही गेलात. म्हणजे दोघांना सारखंच नवीन. पावतीवर नाव काय घालू?"

बाईंनी चेक दिला. तो का दिला हे त्यांना घरी गेल्यावरही सांगता आलं नसेल. पण घरमालकांच्या समोर बसलं की माणसं असं करत. मी पाच वर्षं पाहत होतो.

मी मूळचा अकोल्याचा. मार्केट यार्डात एका आडत्याच्या पेढीवर हिशेब लिहायचो आणि सदाशिव पेठेत त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर एका खोलीत राहायचो. त्यांना सगळे काका म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. काकांचा रविवारच्या सहलींचा धंदा होता. त्याचा हिशेब मी ठेवावा आणि त्या बदल्यात दोन वेळचं जेवण खाली काकूंकडे करावं, असं आमचं ठरलं होतं. हा सौदा माझ्या फायद्याचा होता हे काकूंच्या हातची आमटी खाल्लेल्या कोणालाही पटेल.

काका आधी पिंपरीच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसात होते. कामगारांनी गेटवर कार्ड पंच करायचं आणि काकांनी ते तपासायचं. सायरन वाजला की फाटक बंद. मग फाटकाबाहेर कोणी का असेना. एकदा एक मोठे साहेब बाहेर राहिले आणि काकांनी त्यांना अर्ध्या दिवसाच्या रजेचा फॉर्म फाटकाच्या फटीतून दिला, असं ते सांगत. खरं खोटं मला माहीत नाही, पण फॉर्म दिला असेल यावर माझा विश्वास आहे. पुढे आर्थिक धोरण बदललं, कारखान्यात नवी यंत्रं आली आणि हजेरीसुद्धा यंत्रच घेऊ लागलं. मालकांनी स्वेच्छानिवृत्तीची योजना लावली. बाकीचे लोक युनियनच्या ऑफिसात चर्चा करत बसले होते तेव्हा काकांनी पहिल्या दिवशी, ऑफिस उघडायच्या वेळेला, अर्ज भरून दिला. मी एकदा विचारलं, "वाईट नाही वाटलं?"

"वाटलं ना. पण यंत्र माझ्यापेक्षा वक्तशीर होतं. त्याच्याशी भांडायचं कशावरून?"

मिळालेल्या पैशांतून त्यांनी सहली सुरू केल्या. फक्त एका दिवसाच्या. सकाळी सहाला बस निघणार, भुलेश्वर म्हणा, वाई म्हणा, कार्ला म्हणा, आणि रात्री नवाच्या आत प्रत्येक माणूस आपापल्या अंथरुणात. मुक्काम हा शब्द त्यांना सहन होत नसे. ते म्हणत, "अंथरूण बदललं की पोट बिघडतं आणि पोट बिघडलं की ताजमहालसुद्धा न्हाणीघरासारखा दिसतो." स्वतः ते कधीही कुणाच्या घरी झोपले नव्हते. त्यांच्या लग्नातसुद्धा, काकू सांगत, वऱ्हाड संध्याकाळच्या गाडीने परत आलं होतं.

पावतीच्या मागे चौदा अटी छापलेल्या असत. पहिली: 'बस वेळेवर सुटते.' दुसरी: 'पहिली अट पुन्हा वाचावी.' आठवी होती, 'मागे राहिलेल्या प्रवाशाने स्वखर्चाने परतावे.' लोकांना हे विनोद वाटत. फोन करून विचारत, "काका, सहा म्हणजे सव्वासहापर्यंत आलं तर चालेल ना?"

"चालेल की. फक्त बस नसेल."

आणि ती खरोखरच नसे. यात नातंगोतं नव्हतं. एका दिवाळीत पाडव्याच्या सहलीला लेक आणि जावई येणार होते. लेक बसमध्ये बसली होती, जावई पान आणायला म्हणून कोपऱ्यावर गेले होते. सहा वाजले. बस हलली. लेक ओरडली, "बाबा, अहो हे राहिले!" काका मागे वळून म्हणाले, "जावई घरी. इथे प्रवासी." जावयांनी रिक्षा करून बस खेड शिवापूरला गाठली. ते चढले तेव्हा काकांनी त्यांच्या हातात पाण्याचा पेला दिला आणि म्हणाले, "पान मिळालं का?"

आता काका ऐंशीच्या पुढे आहेत. मागच्या महिन्यात मी बायकोला घेऊन त्यांना भेटायला गेलो. चारला येतो म्हणून कळवलं होतं. सिंहगड रोडला अडकलो आणि बेल वाजवली तेव्हा चार वाजून गेले होते. आतून आवाज आला, "चारचे पाहुणे आले नाहीत. तुम्ही कितीचे?" माझी बायको घाबरली. दार काकूंनी उघडलं आणि म्हणाल्या, "या, या. बरे आहेत म्हणून बोलताहेत. बोलायचे थांबले की मी डॉक्टरांना फोन करते."

काकूंबद्दल आता सांगायला हवं, कारण हे सगळं त्यांच्याशिवाय उभं राहत नाही. दर रविवारी पहाटे त्या चाळीस माणसांचे डबे भरत. पोळी, बटाट्याची भाजी, दहीभात आणि एक गोड. बस सुटली की त्या गॅलरीत उभ्या राहून बघत आणि मग आत जाऊन झोपत. अकरा वर्षांत त्या एकदाही त्या बसमध्ये बसल्या नव्हत्या. काकांचं म्हणणं एकच, "घरचं माणूस बसमध्ये असलं की बस थांबायला लागते." काकूही यावर वाद घालत नसत. रविवार सोडून आठवडाभर त्यांचा स्वतःचा उद्योग चाले. भाजणी, मेतकूट, चटण्या. तेव्हा हिंजवडीची मुलं कंपनीच्या कामाला अमेरिकेला जायची आणि प्रत्येकाच्या आईला मुलाच्या बॅगेत मेतकूट हवं असायचं. काकूंचा खप इतका वाढला की त्यांनी बँकेत स्वतःच्या नावाचं खातं उघडलं. त्याचा हिशेब मात्र त्यांनी मला कधी दाखवला नाही. "तुमच्याकडे एका घरातला एकच माणूस पुरे," म्हणाल्या.

परदेशाची कल्पना काकांची नव्हती. बसमधले नेहमीचे लोकच मागे लागले. मुलं पैसे पाठवत होती, शेजारीपाजारी दहा दिवसांत सात देश बघून येत होते. काका म्हणत, "सात देश बघायचे तर नकाशा घ्या. स्वस्तात होईल." पण मनात त्यांनी ते घेतलं होतं. चार महिने ते रोज दुपारी कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत जात. एक तासाचे पैसे भरत आणि एक तास झाला की वाक्य अर्धवट सोडून उठत. शेवटी त्यांनी जाहीर केलं: बार्सिलोना. आठ दिवस, एकच हॉटेल, रोज सकाळी बाहेर आणि रोज संध्याकाळी परत. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला डोंगर, आणि दीड तासाच्या आत इतकी गावं की आठ दिवस पुरणार नाहीत. "पुणंच आहे," ते म्हणाले. "फक्त तिथे समुद्र पोचलाय, आपल्याकडे अजून यायचाय."

मार्चमध्ये घरच्या हॉलमध्ये प्रवाशांची बैठक झाली. काकांनी फळ्यावर खडूने बार्सिलोना काढलं आणि भोवती गावं मांडली. सीत्जेस, समुद्रकाठचं. जिरोना, जुनं, भिंती असलेलं. आणि मोन्सेरात, डोंगर. तिथे वर जायला दात्यांचे रूळ असलेली छोटी आगगाडी आहे हे सांगताना त्यांनी त्या रुळांचं चित्रच काढलं. मधला दातेरी रूळ, त्यात बसणारं चाक, सगळं. कारखान्यातला माणूस जागा झाला होता. मग स्वतःच ते पुसून म्हणाले, "आपण बसनेच जायचं. इतकी माणसं दोन गाड्या बदलून मोजणं शक्य नाही." आणि पुढे म्हणाले, "वर मठ आहे. मठात देवी आहे. काळी. मांडीवर मूल."

स्वयंपाकघरात पोहे परतल्याचा आवाज थांबला. काकू पदराला हात पुसत दारात आल्या.

"देवी काळी आहे?"

"हो."

"तिची ओटी भरतात?"

"तिथे ती पद्धत नाही."

"पद्धत नसेना का. देवी आहे ना?"

सगळे हसले. काकांनी फळा पुसायला घेतला. लोक गेल्यावर मी कपबशा गोळा करत होतो. काकू म्हणाल्या, "मला ती देवी बघायची आहे." त्या असं कधी बोलत नसत. अमुक हवं, तमुक बघायचं आहे, हे त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होतो, आणि मला वाटतं काकाही. त्यांनी आपलं नेहमीचं वाक्य म्हटलं, घरच्या माणसाचं आणि बस थांबण्याचं. पण पूर्वीसारखं ठणकावून नाही.

आठवड्याने सत्तावीस प्रवासी झाले होते आणि एकच जागा उरली होती. रविवारी दहा वाजता मी आणि काका टेबलाशी बसलो होतो. काकू बाहेरच्या दाराने आल्या. चपला बाहेर काढल्या, बेल वाजवली आणि समोरच्या खुर्चीवर बसल्या. त्यांनी पर्समधून पूर्ण रकमेचा चेक काढला आणि माझ्यापुढे ठेवला.

"अठ्ठाविसावी जागा आहे ना? पावती फाडा."

मी काकांकडे पाहिलं. काका चेककडे पाहत होते. चेक काकूंच्या खात्यावरचा होता.

"पासपोर्ट?" काकांनी विचारलं.

"आहे. जावई मस्कतला होते तेव्हा बाळंतपणाला जायचं म्हणून काढला होता. मग लेकच इकडे आली. कोराच आहे."

"घरचं माणूस..."

"अहो, मी प्रवासी आहे. पैसे भरले, जागा मिळाली, ओळखदेख नाही. तुमचीच अकरावी अट."

काका उठले, खिडकीपर्यंत जाऊन आले आणि मला म्हणाले, "नाव लिहा. पूर्ण लिहा. आणि अटी वाचायला सांगा."

"वाचल्यात," काकू म्हणाल्या. "प्रूफ मीच तपासलं होतं."

त्या दिवसापासून काकांनी त्यांना प्रवासी म्हणूनच वागवलं. निघायच्या आदल्या आठवड्यात ते काटा घेऊन प्रत्येकाच्या घरी बॅग वजन करायला गेले. आपल्या घरी ते शेवटी आले आणि काकूंची बॅग त्याच काट्याला अडकवली. वजन जास्त भरलं. काकांनी बॅग उघडली. खण, तांदळाची पुडी, हळकुंडं, सुपाऱ्या, आणि एक सोललेला, शेंडी ठेवलेला नारळ.

"नारळ काढा."

"ओटीचा आहे."

"तिथे समुद्र आहे. किनाऱ्यावर नारळ मिळेल."

फक्त कोकणचा किनारा पाहिलेल्या माणसाचं ते बोलणं होतं. समुद्र आला म्हणजे नारळ आलाच. काकूंचंही माहेर हर्णैचं. त्यांनाही ते पटलं. नारळ घरी राहिला.

हिशेबाला म्हणून काकांनी मलाही नेलं. आम्ही मे महिन्यात बार्सिलोनाला पोचलो. पहिल्याच संध्याकाळी सगळ्यांना समुद्रावर नेलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उंच झाडं होती, झावळ्यांची. काकू एका झाडाखाली थांबल्या, मान वर करून बघितलं, दुसऱ्याखाली गेल्या, परत बघितलं.

"अहो," त्या म्हणाल्या. सहलीत त्यांनी काकांना हाक मारल्याचं ते पहिलंच. "ही खजुराच्या जातीची आहेत."

काका वर बघत उभे राहिले. बराच वेळ. मग त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "पुढच्या वेळी अटींत घालू." पण चेहरा उतरला होता.

एरवी त्यांचं तिथे फार जमलं. आमचा बसचा ड्रायव्हर तिथलाच, जाडसर, गंभीर माणूस. त्याला कायद्याने ठरावीक तासांच्या वर गाडी चालवता येत नसे आणि बसमध्ये बसवलेलं यंत्र त्याची नोंद घेत असे. बाकीचे सहलवाले त्याला उशीर करून छळत, असं त्याने खुणांनी सांगितलं. आमची बस रोज ठरल्या मिनिटाला सुटते हे पाहून तिसऱ्या दिवशी त्याने काकांना कॉफी पाजली. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. एक घड्याळावर बोट ठेवायचा, दुसरा मान हलवायचा, आणि दोघांना पुरेसं बोलणं झाल्यासारखं वाटायचं.

जिरोनाला आम्ही दुपारी पोचलो तर दुकानं बंद. एका दुकानाच्या काचेवर वेळ लिहिली होती. दुपारचे साडेतीन तास विश्रांती. आमच्यातले एक गृहस्थ वैतागले, "इतक्या लांबून आलो आणि हे लोक झोपलेत!" काकांनी ती पाटी दोनदा वाचली. "सुसंस्कृत गाव आहे," ते म्हणाले, आणि सगळ्यांना नदीकाठी सावलीत बसवून हॉटेलातून बांधून आणलेले डबे उघडायला सांगितलं. शिक्षिकाबाई मला म्हणाल्या, "आज पहिल्यांदा परदेशात आल्यासारखं वाटत नाहीये." मला वाटतं, ती तक्रार नव्हती.

काकू मात्र प्रत्येक गावात नारळ शोधत होत्या. वाण्याच्या दुकानात शिरायच्या, हाताने गोल करून दाखवायच्या, कानाशी हलवून पाणी वाजल्याची खूण करायच्या. एका दुकानदाराने त्यांना कलिंगड दाखवलं, दुसऱ्याने लहान मुलांचा खुळखुळा. शहराच्या मोठ्या मंडईत नारळ असतो असं हॉटेलातल्या मुलीने सांगितलं. पण आम्ही निघायचो तेव्हा मंडई उघडलेली नसायची आणि परतायचो तेव्हा बंद झालेली असायची. काकूंनी एकदाही काकांना म्हटलं नाही, की तुम्हीच काढायला लावला. काकांनीही विषय काढला नाही. पण जेवताना ते त्यांच्या बाजूला न बघता पानावरून उठत.

सहाव्या दिवशी मोन्सेरात. डोंगर असा होता की एखाद्याने बोटं जोडून वर धरावीत. मठ वर, कड्याला चिकटून. काकांनी बसमधून उतरताना सांगितलं, "तीनला बस. तीन म्हणजे तीन. ड्रायव्हरचे तास संपतायत." लोक पांगले. देवीच्या दर्शनाला मोठी रांग होती. काकू आधी रांगेत गेल्या नाहीत. वाटेवर बायका चीज, मध आणि सुकी अंजिरं विकत बसल्या होत्या. काकूंनी एकीसमोर खण पसरला, त्यावर तांदूळ, हळकुंड, सुपारी मांडली आणि मधली रिकामी जागा बोटाने दाखवली. त्या बाईला काय कळलं ते तिलाच माहीत. तिने बराच विचार केला, अंजिरांचा एक गोल, दोरीत ओवलेला, काढला आणि त्या रिकाम्या जागी ठेवला. मग दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. काकूंनी तो घेतला आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभ्या राहिल्या.

तीनला दहा मिनिटं असताना मी प्रवासी मोजले. सत्तावीस. काका म्हणाले, "बघून या." मी धावत गेलो. काकू रांगेत अजून दाराच्या बाहेरच होत्या.

"काकू, चला. बस सुटेल."

"सुटू दे."

"अहो, असं काय करता? काका..."

"हे बघा, मी भांडत नाहीये. बसने वेळेवर सुटायचं, ते बरोबर आहे. पण मी रांग सोडून येणार नाही. मागे राहिलेल्या प्रवाशाने स्वखर्चाने परतावे. आठवी अट. माझ्याकडे पैसे आहेत. जा तुम्ही."

मी परत आलो आणि काकांना जसंच्या तसं सांगितलं. ते बसच्या दारात उभे होते. आतून लोक बोलायला लागले. "थांबा की हो काका, काकू आहेत." "पाच मिनिटांनी काय होतंय?" वैतागणारे गृहस्थ म्हणाले, "बायकोला सोडून जाणार का हा माणूस?" ड्रायव्हरने काकांकडे पाहिलं, घड्याळावर बोट ठेवलं आणि दोन्ही हात पसरले. त्याला थांबता येणार नव्हतं. तीन वाजले. त्याने गाडी सुरू केली.

काकांनी गळ्यातली पैशांची पिशवी काढून माझ्या गळ्यात अडकवली.

"प्रवासी सत्तावीस. हॉटेलवर मोजून उतरवा. जेवण साडेसातला."

"आणि तुम्ही?"

"मला उशीर झालाय," ते म्हणाले आणि खाली उतरले.

दार बंद झालं. बस वेळेवर सुटली. मी मागच्या काचेतून पाहिलं. काका रस्त्यावर उभे राहून बसकडे बघत होते. आपली बस जाताना बाहेरून कशी दिसते हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. मग ते वळले आणि चालायला लागले. बऱ्याच वेळाने शिक्षिकाबाई म्हणाल्या, "खिशात काही आहे का त्यांच्या?" माझा हात गळ्यातल्या पिशवीवर गेला. ते स्वतःच्या खिशात पैसे ठेवत नसत. सगळं या पिशवीतच असायचं.

पुढचं मी पाहिलेलं नाही. दोघांनी सांगितलं ते लिहितो. काका रांगेपाशी गेले. काकूंनी त्यांना पाहिलं आणि शेजारी यायला जागा केली. काका म्हणाले, "इतक्या लोकांच्या मधे कसा घुसू?" आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. "मी दारात, हे पार खाली जिन्याशी," काकू सांगत होत्या. "मागे वळून बघितलं की हे घड्याळ बघताना दिसायचे. इतक्या वर्षांची सवय, करणार काय? नंतर एकदा वळले तर घड्याळ बघत नव्हते. डोंगराकडे बघत होते."

देवी काचेच्या आड असते. फक्त एक हात बाहेर, त्यात गोळा. लोक त्या हाताला स्पर्श करतात. तिथे वस्तू ठेवू देत नाहीत. काकूंनी खण, तांदूळ आणि अंजिरं ओंजळीत धरून देवीच्या हाताला टेकवली आणि परत घेतली. तिथला माणूस पुढे आला आणि मग बाजूला झाला. मग त्या बाहेर पायरीवर बसून राहिल्या, काकांचं दर्शन होईपर्यंत.

"काय मागितलंत?" त्यांनी काकांना विचारलं.

"मी माफी मागितली," काका म्हणाले.

"देवीची?"

"तिची कशाला? नारळ तुमचा काढला होता."

उतरायला दात्यांची आगगाडी. तिथे काकांनी पहिली गाडी सोडली, कारण फलाटावर वाकून ते मधला रूळ बघत होते. काकू त्यांचा शर्ट मागून धरून उभ्या होत्या. दुसरी आली तेव्हा त्यांनी काकूंना सगळं समजावून सांगितलं, दाते कसे बसतात आणि उतारावर गाडी का सुटत नाही. "अर्धं कळलं," काकू म्हणाल्या, "पण पूर्ण ऐकलं." पुढे पायथ्याला गाडी बदलून शहर. तिकिटं सगळी काकूंनी काढली.

ते हॉटेलवर पोचले तेव्हा सगळेच्या सगळे खालच्या दालनात उभे होते. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. काका म्हणाले, "साडेसात होऊन गेले. अजून जेवायला का बसला नाहीत?" काकूंनी दोरी सोडली आणि प्रत्येकाच्या हातावर एकेक अंजीर ठेवलं. वैतागणाऱ्या गृहस्थांनी ते कपाळाला लावून खाल्लं.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारीच्या टेबलावर काका, काकू आणि मी बसलो होतो. काकांनी मला पिशवी मागितली नाही. आदल्या रात्रीच त्यांनी हॉटेलच्या काउंटरवर, निघताना लेकीने दिलेली आणि बॅगेत तशीच पडलेली युरोची नोट मोडून घेतली होती.

"कालचं भाडं किती झालं?"

"दोघांचं सोळा युरो चाळीस," काकू म्हणाल्या.

"माझं आठ वीस. तुमचं तुमच्याकडे, आठवी अट. हे सहलीच्या खर्चात धरायचं नाही," हे मला. मग त्यांनी आठ युरो वीस सेंट मोजून काकूंच्या बशीशेजारी ठेवले. "पावती द्या."

काकूंनी पैसे उचलले, मोजले आणि सरकवून माझ्यापुढे ठेवले.

"पावती तुम्हीच फाडा. पुढच्या वर्षीचा आगाऊ. माणसं दोन. यांनाही प्रवासीच धरा, सहल चालवायला नाही."

काकांनी चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "लिहा."

मी आठ युरो वीस सेंट जमा लिहिले, काकूंच्या नावावर.